कमरेइतक्या उंचीवरून

माझ्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी एकदा तरी घाबरवलेलं आहे, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. नारायण पेठेतल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात मी तीस वर्षं पार्सलं बांधली. खोका बांधून, चिकटपट्टी मारून, पत्ता लिहून झाला की मी तो दोन्ही हातांनी उचलायचो, कमरेइतक्या उंचीवर धरायचो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फरशीवर सोडून द्यायचो.

धप्प आवाज व्हायचा. गिऱ्हाईक पांढरंफटक पडायचं. मग मी खोका उचलून त्याच्या कानाशी धरायचो, हळूच हलवायचो आणि म्हणायचो, "ऐका." आत काही वाजत नसे. वाजलं तर मी पुन्हा उघडून बांधायचो, पण असं फार वेळा झालं नाही.

एक निवृत्त प्राध्यापक जुना सूक्ष्मदर्शक मुलाला पाठवायला घेऊन आले होते. मी खोका सोडल्यावर ते स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं. एका गृहस्थांनी माझं नाव, दुकानाचा क्रमांक आणि वेळ वहीत लिहून घेतली, तक्रार कुठे करायची ते मात्र त्यांना ठरवता येईना. एक बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरचे काचसामान कुठे ठेवतात हो?" पुण्यातली गिऱ्हाइकं ओरडत नाहीत. ती असं काहीतरी विचारतात आणि आपण दोन दिवस उत्तर शोधत बसतो.

पण यात वेडेपणा काही नव्हता. पार्सल आपल्या हातून गेलं की ते ट्रकमध्ये फेकलं जाणार, गोदामात दुसऱ्याखाली चिरडलं जाणार, कुणाच्या तरी खांद्यावरून घसरणार. ते पडणारच असेल, तर पहिल्यांदा माझ्यासमोर पडू दे. खोक्यावर लाल अक्षरांत 'नाजूक' लिहून उपयोग नसतो. उचलणाऱ्याच्या पाठीवर ओझं असतं, तो वाचत बसत नाही. वस्तू धक्क्याने मोडते असा लोकांचा समज आहे, तोही चूक. वस्तू मोडते आतल्या रिकाम्या जागेमुळे. हलायला जागा मिळाली की ती स्वतःच भिंतीवर जाऊन आदळते. म्हणून चहूबाजूंनी चार बोटं मऊ माल भरायचा, जड वस्तू मधोमध ठेवायची, एका खोक्यात दुसरा खोका घालायचा आणि पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाकायची. वरचा पत्ता फाटला तर आतला बोलतो. एवढंच माझं शास्त्र.

विचित्र आकाराच्या वस्तूंसाठी माझी आणखी एक युक्ती होती, तिचा मला जरा जास्तच अभिमान होता. रद्दीचे कागद भिजवून त्यांचा लगदा करायचा. वस्तूला मेणकागद गुंडाळून ती लगद्यात अर्धी दाबायची आणि दोन दिवस वाळू द्यायची. वाळल्यावर त्या वस्तूच्याच आकाराची टणक गादी तयार होते. तिच्यात वस्तू ठेवली की ती हलायचं नाव घेत नाही.

इनामदार बाई माझ्याकडे आल्या त्या अशाच विचित्र आकाराच्या वस्तू घेऊन. शनिवार पेठेत राहायच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्याच. मुलगा विनय आणि सून मेधा ऑस्ट्रेलियात. बाईंनी पिशवीतून जुन्या नऊवारीच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि माझ्या टेबलावर सोडलं. आत गौरींचे दोन मुखवटे होते. भाजक्या मातीचे, वर रंग दिलेले, नाकात मोत्याच्या नथीसाठी बारीक भोकं. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून घरात आलेले. धाकटीच्या हनुवटीवर तांदळाएवढा टवका उडालेला होता.

बाई म्हणाल्या की गुडघे संपले, आता गौरी उभ्या करणं, साड्या नेसवणं, सोळा भाज्या करणं त्यांच्याच्यानं होत नाही. सुनेने स्वतः होऊन मागितल्या आहेत. या भाद्रपदात त्या तिच्याकडे उभ्या राहतील. "मागितल्या हो तिनं," हे त्या दोनदा म्हणाल्या. त्यातला आनंद त्यांनी लपवला नाही.

मी लगद्याची गादी करायला घेतली. थोरलीची पहिली गादी वाळताना आक्रसली आणि कानशिलापाशी घट्ट झाली. ती मी माळ्यावर टाकून दिली आणि दोघींसाठी नव्या केल्या. त्या चपखल बसल्या. आता प्रश्न राहिला भोवती काय भरायचं याचा.

इथे मला थांबून सांगायला हवं. त्या काळात माझ्याकडे फोम होता, बुडबुड्यांचं प्लास्टिक होतं. रोज मी तेच वापरत होतो. पण हे मुखवटे पाहिल्यावर माझ्या मनानं घेतलं की देवाच्या तोंडाभोवती प्लास्टिक भरायचं नाही. मी धंदा शिकलो मामाकडून. मामा काचेची झुंबरं भाताच्या पेंढ्यात बांधून आगगाडीने पाठवायचा आणि एकही लोलक फुटत नसे. मी मुळशीकडच्या भाऊबंदांकडून ताजा पेंढा मागवला, दोन दिवस उन्हात घातला, हातानं निवडला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आयुष्यात इतक्या निगुतीनं मी दुसरं पार्सल बांधलं नाही.

बांधून झाल्यावर बाईंना बोलावलं. त्यांनी मेणकागदाची घडी उचलून दोघींना एकदा पाहिलं. मी पट्टीचा नवा गुंडाळा आणायला मागच्या बाजूला गेलो, परत आलो, खोका बंद केला आणि उचलून कमरेशी धरला. बाईंना माझी रीत माहीत नव्हती.

"अहो शिंदे, काय करताय?"

मी सोडला. बाईंचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला. मी खोका त्यांच्या कानाशी नेला, हलवला. आत काहीच वाजलं नाही. मग त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी आधी सांगत जा. माझ्या वयाच्या बायका येतात तुमच्याकडे."

पार्सल गेलं. पाच आठवड्यांनी एके दिवशी दुपारी बाई दुकानात आल्या. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. स्टूल पुढे केलं तरी बसल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं की खोका ऑस्ट्रेलियात पोचला होता, कुठे दबला नव्हता, फाटला नव्हता. तिथल्या तपासणीत उघडला. आत जिवंत कीड निघाली. त्यांनी तो सगळाच्या सगळा जाळला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, मुखवटे? त्या म्हणाल्या, "सगळा म्हणजे सगळा."

मोडणं मला माहीत होतं. हरवणं माहीत होतं, भिजणं माहीत होतं. पण एक वस्तू समुद्र ओलांडून धडधाकट पोचते, तिच्यावर ओरखडाही नसतो, आणि ती बांधलेल्या मालासकट जाळून टाकतात, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. मला खरोखर आठवतं, की मला पहिल्यांदा मुखवट्यांचं वाईट वाटलं नाही. मला वाटलं, माझं पार्सल जाळलं.

आणि मग बाई म्हणाल्या, "चूक माझी आहे. तुम्ही पट्टी आणायला आत गेलात तेव्हा मी पसाभर तांदूळ टाकले होते. सुपारी, हळकुंड आणि तांदूळ. पुडी करून."

त्या पुढे म्हणाल्या, "घरातून गौर निघाली आणि ओटी न भरता कशी पाठवू? विनयनं बजावलं होतं, खाण्याचं काही घालू नकोस म्हणून. मला वाटलं, ओटी म्हणजे काही खाणं नव्हे."

मुलगा फोनवर फार काही बोलला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "आई, तुला सांगून उपयोग नसतो." चाळीस वर्षं पोरांना गणित समजावणाऱ्या बाईला हे वाक्य लागलं होतं. त्यानंतर त्याचा फोन आला नव्हता. सून तर बोललीच नव्हती. बाई मला दोष द्यायला आल्याच नव्हत्या. माझ्या मेहनतीची माती केली म्हणून माझी माफी मागायला आल्या होत्या.

मी म्हणालो, "असू द्या, बाई." त्या गेल्या.

त्या जाताच मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्याच्यामागे एक छापील कागद होता. आमच्याकडून माल नेणाऱ्या कंपनीच्या माणसानं दोन वर्षांपूर्वी स्वतः चिकटवून दिला होता, परदेशी काय चालत नाही त्याची यादी. तीस वर्षं पार्सलं बांधणाऱ्या माणसाला हा काय शिकवणार, म्हणून त्याच्यावर मी कॅलेंडर टांगलं होतं. यादीत धान्य होतं. आणि त्याच्या वरच्याच ओळीत पेंढा, गवत, भुसा.

मी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, नुसता पेंढा असता किंवा नुसतं धान्य असतं तर ते काढून घेऊन, चार पत्रं पाठवून, वस्तू सोडली असती बहुधा. जिवंत कीड निघाली म्हणजे संपलं. कीड कशात होती ते तपासणीवाल्यांकडून आलेल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तांदळात सोंडे होतात हे कोण जाणत नाही? मी मनाशी म्हणालो, असतील तांदळातच. हे म्हणताना मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. बाई स्वतःहून दोष घेऊन गेल्या होत्या आणि मी त्यांना तो नेऊ दिला. आठ-दहा दिवस असे गेले. पार्सलं बांधत होतो, सोडत होतो, कानाशी धरत होतो.

मग एकदा सुतळीचा गुंडा काढायला माळ्यावर चढलो आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो. कोपऱ्यातून थोरली गौर माझ्याकडे बघत होती. गाल, नाक, भरलेले ओठ. मी शिडीवर बाजूला सरकलो तर तिचा चेहराही माझ्यामागे वळला. जरा वेळानं कळलं, ती मी टाकून दिलेली पहिली गादी होती. आतून पोकळ. खिडकीच्या उजेडात पोकळ चेहरा वर आल्यासारखा दिसतो आणि आपण हललो की हलतो. तिच्या कपाळावर रद्दीतली अर्धवट अक्षरं होती.

चेहरा जळाला होता, पण त्याचा साचा माझ्याकडे होता. मी इतका हरखलो की हातातली सुतळी माळ्यावरच राहिली. गादी पंच्यात गुंडाळली आणि तडक शनिवार पेठेत गेलो. खरं सांगायचं तर आपण काहीतरी मोठं काम करायला निघालो आहोत असं मला वाटत होतं.

बाई जमिनीवर न बसता डायनिंग टेबलावर सूप ठेवून तांदूळ निवडत होत्या. मला बसायला सांगितलं. त्यांचे हात मनगटापर्यंत पांढरे झालेले होते. मी पंच्याची गाठ सोडायला लागलो आणि माझे हात थांबले.

मी विचारलं, "बाई, हे पांढरं काय?"

"बोरिक पावडर. तांदळाला लावून ठेवते. तुमच्याकडे नाही लावत?"

"ओटीचे तांदूळ कुठले होते?"

"याच डब्यातले. म्हणून तर पुडीवर लिहिलं होतं मेधासाठी, धुतल्याशिवाय खाऊ नको."

बोरिक लावलेल्या तांदळात सोंडा जगत नाही. पुण्यातल्या कुठल्याही घरात विचारा. कीड माझ्या पेंढ्यात होती. मुळशीच्या ओल्या खाचरातून आलेल्या, मी दोनच दिवस उन्हात घातलेल्या, देवासाठी म्हणून मुद्दाम मागवलेल्या पेंढ्यात. मी फोम वापरला असता तर खोक्यातून एक पुडी काढून टाकली असती आणि गौरी मेधाच्या घरी उभ्या राहिल्या असत्या. ही बाई दहा दिवस माझ्या किड्याचा दोष स्वतःकडे घेऊन जेवत होती, झोपत होती.

मी सांगितलं. पेंढ्याचं सांगितलं, यादीचं सांगितलं, कॅलेंडरचं सांगितलं आणि मला शंका येऊनही मी गप्प बसलो तेही सांगितलं. सांगताना मी गादीकडे बघत होतो, त्यांच्याकडे नाही.

बाई उठल्या. हात धुतले, पुसले. टेलिफोनपाशी जाऊन वहीत बघून लांबलचक नंबर फिरवला. पलीकडून आवाज आल्यावर त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"हे विनयला सांगा."

मी पुन्हा सगळं सांगितलं. न पाहिलेल्या माणसाला, हजारो मैलांवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आईला द्या."

तो आईला काय म्हणाला ते मला कळलं नाही. बाई नुसत्या 'हं, हं' करत होत्या. पाठ माझ्याकडे होती. एकदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. फोन ठेवून त्या वळल्या तेव्हा आवाज शाळेतलाच होता.

"चहा टाकते. तोवर त्या पंच्यात काय आणलंय ते दाखवा."

मी गादी उघडून भिंतीशी उभी केली. बाईंनी पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. मग बाजूला झाल्या, तर चेहरा त्यांच्याकडे वळला. माझ्यासारखंच त्यांचंही झालं. त्यांनी बोट लावून पाहिलं, ते आत पोकळीत गेलं. "थोरली," त्या म्हणाल्या. "ही थोरलीच."

कसब्यातल्या माझ्या ओळखीच्या मूर्तिकाराकडे आम्ही दोघं गेलो. श्रावण तोंडावर आलेला, त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपती सोडून मी आता देवाच्या बापाचंही काम घेणार नाही, असं तो म्हणाला. मग त्याने गादी हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि दचकून जवळजवळ टाकलीच. त्यानंतर त्याने हो-नाही केलं नाही. प्लास्टर ओतून चेहरा काढतो, मेणकागदाच्या सुरकुत्या घासतो, नाकडोळे हातानं करतो, म्हणाला. पण साचा एकच होता. धाकटीचं काय करायचं?

बाई म्हणाल्या, "बहिणी आहेत. चेहरा तोच काढा. फक्त धाकटीच्या हनुवटीवर टवका होता, तेवढा उडवा."

मूर्तिकारानं माझ्याकडे पाहिलं. नव्या कोऱ्या गौरीच्या तोंडाचा टवका उडवायचा? त्याच्या चार पिढ्यांत असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याने बाईंना समजावून पाहिलं.

"नाहीतर मी धाकटीला ओळखणार कशी?" बाई म्हणाल्या.

त्याने तो टवका उडवला तेव्हा मी तिथे होतो. हात जोडून, जीभ चावून, पटाशीच्या टोकानं. तांदळाएवढा.

रंग सुकल्यावर मुखवटे माझ्या दुकानात आले. या वेळी मी यादी भिंतीवरून सोडवून टेबलावर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवून बांधत गेलो. फोम, बुडबुड्यांचं प्लास्टिक, नव्या गाद्या. गवताची काडी नाही. खोका बंद करण्याआधी बाईंनी मला थांबवलं. पिशवीतून पुडी काढली. मी काही बोलणार, तोच त्यांनी दोन्ही मुखवटे खोक्यातून काढून माझ्या टेबलावर शेजारी ठेवले, हळदीकुंकू लावलं आणि रीतसर ओटी भरली. तांदूळ टेबलावर पसरले. मग ते सगळे, दाणा न दाणा, परत पुडीत गोळा केले आणि पुडी पिशवीत टाकली.

"तिकडे मेधा भरेल," त्या म्हणाल्या.

मी मुखवटे परत गाद्यांत बसवून खोका बंद केला, पट्ट्या मारल्या. उचलला. कमरेशी धरला. बाई समोर उभ्या होत्या.

आणि माझे हात सुटेनात. तीस वर्षांत हजारो खोके सोडले होते. माझा माझ्या बांधणीवर विश्वास नव्हता असं नाही. पण बोटं उघडायचीच नाकारत होती. मला पहिल्यांदा कळलं की समोर उभ्या असलेल्या माणसाला त्या क्षणी काय होतं. मी म्हणालो, "बाई, राहू दे आज. चांगला बांधलाय."

बाईंनी चष्मा वर सरकवला. पुढे आल्या, माझ्या हातातून खोका काढून घेतला. त्यांना तो जड होत होता, गुडघे थरथरत होते. त्यांनी तो कमरेइतका उचलला आणि सोडून दिला.

धप्प.

रस्त्यावरची दोन माणसं थांबून आत बघायला लागली. बाई टेबलाचा आधार घेत सावकाश खाली बसल्या, कान खोक्याला लावला आणि तो हलवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता मला उठवा."